बँकेतून बोलतोय म्हणे!

अगं, 'ताई, फोन बँकेचाच आहे की कुणा भामट्याचा, हे आवाजावरून ओळखता येतं का?' असं तू विचारलंस ना, त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही येत. मलाही येत नाही, आणि मी इतकी वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर बसते आहे. हल्ली तो माणूस खऱ्या साहेबापेक्षा जास्त अदबीने बोलतो. मागे ऑफिसची कुजबुज असते, 'आपला कॉल रेकॉर्ड होत आहे' ही टेपसुद्धा वाजते. पूर्वी आपल्या नगरच्या नागापुरात एक ठोकताळा होता, हिंदीत बोलला की खोटा. आता तोही कामाचा राहिला नाही. मराठीत बोलणारे आहेत, 'काकू, जेवण झालं का?' विचारणारे आहेत. जामताऱ्याचं नाव आपण ऐकून ऐकून इतकं पाठ केलंय, की चोर झारखंडातूनच बोलणार असं आपल्या डोक्यात बसलंय. तो पुण्यातून बोलत असेल नाहीतर कंबोडियातून, तुला काय कळणार?

बरं, आवाज सोड. 'तुमचं नाव अमुक, खातं अमुक शाखेत, कार्डाचे शेवटचे चार आकडे हे, बरोबर ना मॅडम?' असं तो धडाधड सांगतो आणि आपण 'हो, हो' करत विरघळतो. तुझं नाव, नंबर आणि आधारची झेरॉक्स किती ठिकाणी पडली आहे ते आठव जरा. सिमकार्ड घेताना दिलीस, एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागलीस तेव्हा दिलीस, बोल्हेगावची खोली भाड्याने घेताना दिलीस, हप्त्यावर फ्रिज आणलास तेव्हाही दिलीस. अशा माहितीच्या याद्या विकल्या जातात. शेवटचे चार आकडे तर दुकानाच्या पावतीवरही छापलेले असतात. त्याला तुझी कुंडली माहीत आहे, एवढ्याने तो बँकेचा ठरत नाही.

म्हणून कोण बोलतंय हे मी शोधतच बसत नाही. मी एवढंच ऐकते, की फोन चालू असताना, आत्ताच्या आत्ता, ह्याला माझ्याकडून काय करून हवंय. गोड बोलणं, धमकी, 'सिस्टीम अपडेट' वगैरे सगळं गाळून टाकायचं. मग खाली काय उरतं? आकडा सांगा. लिंक उघडा. ॲप टाका. हा मेसेज ह्या नंबरला पाठवा. पैसे 'सुरक्षित खात्यात' हलवा. घरात कुणाला सांगू नका. यातलं एक जरी आलं, तर समोर शाखेचा मॅनेजर असो नाहीतर रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर, मी फोन ठेवते. खऱ्या बँकेला यातलं काहीच तुझ्याकडून फोनवर नको असतं.

आता ओटीपीचं नीट समजून घे, कारण लोक इथेच फसतात आणि नंतर म्हणतात, 'पण मेसेज तर बँकेचाच होता!' बँकेचाच असतो गं. तीच तर गोम आहे. तुझ्या कार्डाचा नंबर त्याने कुठून तरी मिळवलेला असतो. तुझ्याशी बोलता बोलता तो दुसऱ्या मोबाइलवर त्या कार्डाने काहीतरी विकत घ्यायला लागतो, नाहीतर तुझ्या नेटबँकिंगवर 'पासवर्ड विसरला' दाबतो. बँकेच्या यंत्राला वाटतं तूच करते आहेस, म्हणून ते तुझ्या मोबाइलवर खरा ओटीपी पाठवतं. मेसेज खरा, बँक खरी, मधला माणूस तेवढा खोटा. आणि त्याला आता सहाच आकडे कमी असतात. मेसेज शांतपणे वाचलास तर तो ओटीपी कशासाठी आहे, किती रुपयांचा आहे, हे त्यातच लिहिलेलं असतं. पण तो वाचू देत नाही ना! 'मॅडम लवकर सांगा, टाइम संपतोय' असा लकडा लावतो.

यूपीआयचीही अशीच एक खोड आहे. 'तुम्हाला रिफंड द्यायचाय, पिन टाका' म्हणतात. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. 'पैसे मागणारी' विनंती एका माणसाने दुसऱ्याला पाठवायची सोय होती, ती चोरांनी इतकी वापरली की ऑक्टोबर २०२५पासून ती बंदच करून टाकली. पण चोरांकडे दुसरीही एक वाट आहे. 'हा कोड ह्या नंबरला एसएमएस करा' असं सांगतात. तो एसएमएस तुझ्या सिमवरून गेला की त्याच्या मोबाइलवर तुझ्या नंबरचं यूपीआय सुरू व्हायची वाट मोकळी होते. म्हणजे आकडा तोंडाने सांगितला नाहीस तरी काम झालं.

मला विचारशील तर ह्यात आपल्या बायकांची चूक मी फारशी मानत नाही. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा आपण काय केलं? आधार नंबर टाकला, ओटीपी आला, ओटीपी टाकला. सरकारनेच सांगितलं म्हणून केलं, आणि ते बरोबरच होतं. किती जणींनी तर कुणा पोराच्या हातात मोबाइल देऊन करून घेतलं. त्यामुळे 'केवायसी' आणि 'ओटीपी' हे दोन शब्द जोडीने आले की आता आपल्याला काही खटकतच नाही. फरक एवढाच धरून ठेव. तिथे संकेतस्थळ तू स्वतः उघडलंस आणि आकडा तू स्वतः टाकलास. इथे फोन त्याने केलाय आणि आकडा त्याच्या कानात जाणार आहे.

केवायसीच्या नावाने घाबरवणं तर फार चाललंय. 'आज संध्याकाळी सहापर्यंत केवायसी केलं नाही तर खातं बंद.' हा नियम ऐकून ठेव, म्हणजे भीती निम्मी होईल. साध्या, कमी जोखमीच्या खात्याचं केवायसी दहा वर्षांतून एकदा नवं करावं लागतं, मध्यम जोखमीच्या खात्याचं आठ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या खात्याचं दोन वर्षांनी. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी बजावलं, की मुदत यायच्या आधी बँकेने खातेदाराला किमान तीनदा कळवायचं, त्यातलं एकदा तरी पत्राने. मुदत उलटून गेली तरी पुन्हा किमान तीनदा आठवण करून द्यायची, त्यातही एक पत्र हवंच. पत्त्यात, नावात काही बदल नसेल तर 'काही बदललेलं नाही' एवढं लिहून दिलं तरी भागतं. आता सांग, ज्या बँकेला इतक्या वेळा कळवायचं बंधन आहे, ती तुला दुपारी तीनला फोन करून सहापर्यंतची मुदत देईल का? पत्र खोली बदलल्यामुळे आलं नसेल, हे मात्र होतं. तेव्हा पत्ता बदलला की शाखेत कळवत जा.

दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारेही आपल्याकडे आता पुष्कळ झालेत. बँकेचा म्हटलं की फोन कापायचा, नंबर ब्लॉक करायचा. तसंही करू नकोस, कारण बँका खरंच फोन करतात. मोठ्या रकमेचा चेक वटायला आला की 'तुम्ही अमक्याला एवढ्याचा चेक दिलाय ना?' असं शाखेतून विचारतात. तू दिला नसशील आणि फोन उचलला नाहीस तर पंचाईत तुझीच. कार्डावर काही वेगळाच खर्च दिसला तरी फोन येतो, 'हा व्यवहार तुमचाच का?' उत्तर फक्त हो किंवा नाही. हप्ता थकला तर वसुलीचा फोन येतो, पण त्यालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायची मुभा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये लिहून दिलंय. कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणणाऱ्यांचे फोन तर येतातच. त्रासदायक असले तरी त्यातले बरेचसे खरे असतात.

तर खरा फोन असू शकतो आणि खोटाही असू शकतो. मग करायचं काय? 'बरं, मी थोड्या वेळाने बँकेत फोन करते' म्हणायचं आणि ठेवायचा. त्याने दिलेल्या नंबरवर करायचा नाही. कार्डाच्या मागे छापलेला नंबर, पासबुकावरचा नंबर, ह्यावर आपण स्वतः लावायचा आणि विचारायचं, 'मला आत्ता फोन आला होता, तुमच्याकडे काही नोंद आहे का?' गुगलवर 'अमुक बँक कस्टमर केअर' शोधायला मात्र जाऊ नकोस. चोरांनी तिथेही आपले नंबर पेरून ठेवलेत, म्हणजे तू आपणहून त्याच्याच दारात जाशील. संकेतस्थळच बघायचं झालं तर आता बँकांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे संपतात. ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सगळ्या बँकांनी तिथे यावं असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, आणि ते नाव बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

आता तू म्हणशील, एवढं सोपं आहे तर लोक फोन ठेवत का नाहीत? इथे मला तुझ्याशी थोडं स्पष्ट बोलायचंय. आपल्याला फोन ठेवता येत नाही, कारण आपल्याला तसं वाढवलंय. समोरचा 'साहेब' म्हणवतो, शुद्ध बोलतो, मध्येच इंग्रजी शब्द टाकतो. त्याचं बोलणं तोडणं म्हणजे उद्धटपणा, असं आपल्या अंगात मुरलंय. बँकेच्या काउंटरवरही आपण उभ्या राहतो ते काहीतरी चुकल्यासारखं तोंड करून. माझ्यासमोर रोज बायका येतात, पैसे स्वतःचे काढायचे असतात आणि सुरुवात 'मॅडम, रागावू नका' अशी करतात. ह्या संकोचावर त्या माणसाची सगळी भिस्त असते. शिवाय 'हे' नाइट शिफ्ट करून झोपलेले असतात, उठवायचं जिवावर येतं, आणि तिकडून तो सांगतोच आहे की कुणाला काही बोलू नका. खऱ्या बँकेतल्या माणसाचं बोलणं तोडलंस तरी त्याचं काही बिघडत नाही. तो पुढच्या खातेदाराला फोन लावतो. चिडतो, आवाज चढवतो, 'मग नुकसान झालं तर जबाबदारी तुमची' म्हणतो, तो खोटाच. चोर तो चोर, वर शिरजोर, असा हा प्रकार.

बँकेच्या फोनातून पोलिसांच्या फोनात नेणारेही आहेत. आधी 'बँकेतून' सांगतात की तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, मग लगेच गणवेशातला एक जण व्हिडिओ कॉलवर येतो आणि डिजिटल अटक करतो म्हणे. अशी अटक कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना हे सांगावं लागलं, इतकं ते वाढलं होतं. आणि फसणारे अडाणी नसतात बरं का. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी असे लोक दिवसदिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहिलेत.

नंबरचं एक सांगते, पण त्यावर सगळा भार टाकू नकोस. बँकांनी ग्राहकांना व्यवहाराबद्दल किंवा सेवेबद्दल फोन करायचा तर तो १६००ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, आणि जाहिरातीचा १४०ने सुरू होणाऱ्या नंबरवरून, असं ठरलंय. फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रायने त्यासाठी व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६ आणि सहकारी बँकांना १ मार्च २०२६ ही मुदत दिली होती. तेव्हा नेहमीच्या दहा आकडी मोबाइलवरून 'मी हेड ऑफिसमधून' असं कुणी म्हणालं की कान टवकारायचे. पण ओळखीच्या शाखेतला माणूस ०२४१च्या लँडलाइनवरून फोन करणारच. उलट, स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवण्याची कलाही चोरांना येते. आणि ते नाव दाखवणारं ॲप असतं ना, त्यात 'अमुक बँक, मेन ब्रँच' असं कुणीही स्वतःला लावून घेऊ शकतं. म्हणून १६०० दिसलं तरी ओटीपी सांगायचा नाही तो नाहीच.

एसएमएस आला तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी काय अक्षर आहे ते बघ. 'एस' म्हणजे सेवेचा, 'टी' म्हणजे व्यवहाराचा, 'पी' म्हणजे जाहिरातीचा, 'जी' म्हणजे सरकारी. साध्या मोबाइल नंबरवरून आलेला 'तुमचं खातं बंद होत आहे' हा मेसेज वाचायच्याही लायकीचा नसतो. आणि व्हॉट्सॲपवर बँकेचं चित्र लावून 'एपीके' नावाची फाइल आली तर ती उघडायची नाही. त्या फाइलने एक ॲप आत शिरतं आणि तुझे सगळे एसएमएस परस्पर त्याला पाठवत बसतं. मग तो ओटीपी विचारतही नाही. स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपचंही तसंच. एनीडेस्कच्या नावाने रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच सावध केलं होतं. कुणी तुझ्याकडून चांदणी-हॅशवाला एखादा कोड लावून घेतला असेल, तर तुझे फोन तिकडे वळलेले असू शकतात. अशा वेळी ##००२# लावायचं, सगळी वळवावळवी रद्द होते.

नगरमध्ये (मला अजून अहिल्यानगर तोंडात बसत नाही, तू हसू नकोस) एका गोष्टीची मला जास्त काळजी वाटते. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ला रद्द केला. १९१०पासूनची बँक, घराघरांतल्या ठेवी तिच्यात. ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस आशेवर जगतो, आणि आशेवरच्या माणसाला 'तुमचा क्लेम मंजूर झालाय, फक्त खातं तपासायला एक रुपया पाठवा' हे वाक्य देवाच्या आवाजासारखं ऐकू येतं. तुझ्या सासरच्यांची ठेव होती ना तिथे? त्यांना सांग. ठेवीचा विमा पाच लाखांपर्यंत असतो, त्याचे कागद बँकेत नेमलेल्या अवसायकाकडे द्यायचे असतात, आणि पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरायचे नसतात. एक रुपयाही नाही. आणि हा विमा बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मीच हे सांगते, म्हणून आमचे साहेब माझ्यावर जरा नाराज असतात.

एवढं सगळं करूनही पैसे गेलेच, तर रडत बसायला नंतर वेळ आहे. आधी १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन लाव. खाते नंबर, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेव. मग बँकेला सांगून कार्ड, यूपीआय बंद करून घे. चोराचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतो. तो पळायच्या आत तुझी तक्रार पोहोचली तर वाटेत अडवता येतो. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला परिपत्रक काढून नियम घालून दिलाय. तुझी आणि बँकेचीही चूक नसताना पैसे गेले आणि तू तीन कामाच्या दिवसांत कळवलंस, तर तुझं नुकसान शून्य धरायचं. ओटीपी तूच सांगितला असशील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुझं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेपायी संध्याकाळपर्यंत गप्प बसलीस, तर त्या लाजेचं बिल तुलाच येणार. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

घरी कळल्यावर बोलणी बसतील ही भीती मी समजू शकते. २०२४ या एका वर्षात देशभरात सायबर फसवणुकीत २२ हजार ८०० कोटींहून जास्त रुपये गेले, असं सरकारने संसदेत सांगितलंय. एवढे पैसे काय फक्त आपल्यासारख्या बायकांनी घालवले? कुणी टोमणा मारलाच तर हा आकडा तोंडावर सांग.

आणि तुझ्या दिराला एक निरोप दे. 'खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं एमआयडीसीत पोरांना कुणी कुणी विचारतात म्हणे. चोरीचा पैसा फिरवायला अशीच खाती लागतात. पोलीस येतात ते आधी त्या खात्याच्या मालकाकडे.

राहिलं तुझं स्वतःचं. तुझं पगाराचं खातं ठेकेदाराने उघडून दिलं होतं, तेव्हा मोबाइल नंबर कुणाचा लिहिला होता, आठवतंय का? बऱ्याच जणींच्या खात्याला सुपरवायझरचा नाहीतर नवऱ्याचा नंबर असतो. बँक खरा फोन करते तो तिकडे जातो. आईच्या खात्याला तर अजून दादाचा जुना, बंद पडलेला नंबर आहे. बंद नंबर ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, मग आईचे मेसेज त्या परक्या माणसाला जाणार. ह्या शनिवारी नंबर बदलायला दोघी बँकेत जाऊ. दुसरा किंवा चौथा शनिवार नाही ना ते आधी बघून घे. आधार आणि पासबुक घे, फॉर्म मी भरून देईन. सही मात्र खातं उघडताना केली होतीस तशीच कर, लग्नानंतरची नवी करू नकोस. नाहीतर काउंटरवरून परत पाठवतील, मीच पाठवते लोकांना.